हातउसने

२० मार्च २०२४. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात अमेरिकी बेसबॉल हंगामाचा पहिला सामना झाला होता आणि लॉस एंजेलिस डॉजर्सनी तो जिंकला होता. सामन्यानंतर खेळाडूंच्या खोलीत सगळा संघ एकत्र बसला. तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा एक जपानी माणूस उभा राहिला आणि इंग्रजीत सांगू लागला, की मला जुगाराचं व्यसन आहे, त्याची बातमी येणार आहे, मला माफ करा.

त्याचं नाव इप्पेई मिझुहारा. तो खेळाडू नव्हता, शोहेई ओतानीचा दुभाषा होता. ओतानी म्हणजे या खेळातलं त्या वेळचं सगळ्यांत मोठं नाव. तीनच महिन्यांपूर्वी डॉजर्सनी त्याच्याशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला होता. तोही त्याच खोलीत बसला होता, पण इंग्रजी त्याला पुरतं कळायचं नाही. एरवी कुणी इंग्रजीत बोलू लागलं, की ते त्याला जपानीत समजावून सांगायचं काम ज्याचं, तोच आज बोलत होता. त्यामुळे काहीतरी बिनसलंय एवढंच ओतानीला उमगलं. हॉटेलवर परतल्यावर दोघं एकटे बसले, तेव्हा त्याला कळलं की आपल्या दुभाष्याच्या डोक्यावर प्रचंड कर्ज आहे आणि ते आपल्या खात्यातून फेडलं जात होतं.

सगळ्या प्रकरणाचं मर्म मला या खोलीतच सापडतं. फसवला गेलेला माणूस समोर बसलेला, फसवणारा कबुली देतोय, आणि ती कबुली पोहोचवायची जी एकमेव वाट होती ती त्या फसवणाऱ्याच्याच तोंडून जात होती. घरातल्या माणसानं घरात केलेली फसवणूक बहुतेक वेळा अशीच असते. ज्याच्याकडून सत्य कळायचं, त्यानंच ते अडवून धरलेलं असतं.

आदल्या दिवशी मिझुहारानं एका क्रीडा वृत्तसंस्थेला वेगळीच हकीकत सांगितली होती. आपण कर्जात बुडालो होतो, ते ओतानीला सांगितलं, तो नाराज झाला, पण पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यानं ते फेडून टाकलं, अशी. दुसऱ्या दिवशी तो हे सगळं मागे घेऊन मोकळा झाला. पण अशी खोटी हकीकत सहज खरी वाटू शकते, आणि याचं कारण शोधायला अमेरिकेत जावं लागत नाही. मित्र अडचणीत होता, रागावलो, पण शेवटी पैसे दिले, असं सांगणारा एखादा मामा, एखादा मेहुणा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो.

मराठीत याला फार चपखल शब्द आहे, हातउसने. हातउसन्याला कागद नाही, व्याज नाही, तारण नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे पैसे आणायचे. देणाऱ्यानं कशाला म्हणून विचारायचं नाही आणि घेणाऱ्यानं आठवण करायला लावायची नाही. पैशांच्या व्यवहारातला हा सगळ्यांत सुंदर प्रकार, आणि जुगारी माणसाचा पहिला हात नेमका इथेच पडतो. बँक पगाराची पावती मागते, सावकार दागिना मागतो. माणसाच्या शब्दाखेरीज काहीच मागत नाहीत ती फक्त आपली माणसं.

मिझुहारा आणि ओतानीची ओळख जपानमध्ये होक्काइदोच्या निप्पॉन-हॅम फायटर्स संघात झाली. २०१८ मध्ये ओतानी अमेरिकेत खेळायला आला तेव्हा मिझुहारा दुभाषा म्हणून बरोबर आला. नावाला दुभाषा. प्रत्यक्षात गाडी चालवणं, निरोप पोहोचवणं, सरावात सोबत राहणं, सगळं तोच करी. त्याच वर्षी ॲरिझोनातल्या एका बँकेत ओतानीचं पगाराचं खातं उघडलं, आणि ते उघडतानाही भाषांतराला हाच होता. घरातल्या म्हाताऱ्यांचं खातं मुलगा किंवा पुतण्या उघडून देतो, फॉर्म भरतो, “इथं सही करा आबा” म्हणतो, तसंच ते झालं. त्या दिवशी कुणाच्या मनात पाप होतं असं म्हणायला काही आधार नाही. नंतरच्या फसवणुकीला लागणारं सगळं साहित्य मात्र त्या दिवशी प्रेमानं हातात पडलं होतं.

२०२१ च्या सप्टेंबरात मिझुहारानं कॅलिफोर्नियातल्या एका बेकायदा बुकीकडे खेळांवर पैसे लावायला सुरुवात केली. त्या राज्यात खेळांवरची सट्टेबाजी कायद्यानं मान्य नाही, म्हणून बुकी चोरटा. चोरट्या बुकीची एक खासियत अशी, की तो उधारीवर डाव घेतो. आधी पैसे भरा, मग खेळा, हा अडसरच तिथे नाही. थोड्याच महिन्यांत तो हरू लागला. मग ओतानीच्या खात्यावर नोंदवलेला फोन नंबर आणि ईमेल त्यानं बदलून आपला टाकला. आता बँकेचा प्रत्येक संकेतांक त्याच्याच फोनवर येणार. बँकेनं शंका घेतली तर तो फोनवर स्वतःलाच ओतानी म्हणवून घेई. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार असे सुमारे २४ फोन झाले. त्यातल्या एकाचं ध्वनिमुद्रण नंतर न्यायालयात दाखल झालं. दोन लाख डॉलर पाठवायचे आहेत. बँकेची बाई विचारते, ज्यांना पैसे जातायत त्यांच्याशी तुमचं नातं काय? पलीकडचा आवाज सांगतो, मित्र आहे. आणि पैसे कशासाठी? गाडीच्या कर्जासाठी.

ओतानीचे एजंट आणि हिशेबनीस यांनी हे खातं पाहायला मागितलं, तर त्यांना मिझुहारानं सांगितलं, की हे खातं खासगी ठेवायची शोहेईची इच्छा आहे. एजंटला जपानी येत नव्हतं. खुद्द ओतानीला विचारायचं झालं तरी विचारणार कुणामार्फत? दुभाष्यामार्फतच.

सरकारी वकिलांनी जे आकडे मांडले ते सावकाश वाचावेत. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १९,००० डाव. दिवसाला सरासरी २५. लहानात लहान डाव दहा डॉलरचा, मोठ्यात मोठा एक लाख साठ हजारांचा. जिंकलेले डाव मिळून १४ कोटी २२ लाख डॉलर, हरलेले मिळून १८ कोटी २९ लाख. पहिल्या आकड्याकडे नीट पाहा. हा माणूस चौदा कोटी डॉलर जिंकला होता! जुगारी माणसाच्या घरचे हमखास विचारतात, की सतत हरतोय तरी याला कळत कसं नाही. तो सतत हरत नसतो, हीच गोची आहे. तो हजारो वेळा जिंकलेला असतो. एकूण बेरीज हरण्याची असली, तरी बेरीज करायला बसतो कोण?

ओतानीच्या खात्यातून गेले जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर, त्या वेळच्या दरानं सुमारे १४० कोटी रुपये. डाव जिंकला की ती रक्कम मात्र ओतानीच्या खात्यात परत येत नव्हती, मिझुहाराच्या स्वतःच्या खात्यात जमा होई. शेवटच्या तीन महिन्यांत त्यानं त्याच पैशांतून सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉल खेळाडूंची संग्राह्य कार्डं ऑनलाइन विकत घेतली. साधारण हजारभर कार्डं. त्यांत ओतानीचीही होती. ओतानीच्या पैशांतून ओतानीची चित्रं घ्यायची, हा तपशील एखाद्या कादंबरीकारानं लिहिला असता तर संपादकानं ‘जरा जास्त होतंय’ म्हणून खोडला असता.

बुकीला पाठवलेले त्याचे संदेशही तपासात सापडले. उधारीची मर्यादा वाढवून द्या, एवढीच शेवटची, खरंच शेवटची, असं त्यांत पुन्हापुन्हा आहे. एका ठिकाणी त्यानं आईची शपथ घेतली आहे. ते वाचून मी थबकलो. भाषा इंग्रजी, माणूस जपानी, बुकी कॅलिफोर्नियाचा, आणि शपथ मात्र आपल्या गल्लीतली.

जून २०२४ मध्ये त्यानं बँकेची फसवणूक आणि खोटं करविवरण हे दोन गुन्हे कबूल केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ५७ महिन्यांची कैद झाली आणि ओतानीचे सगळे पैसे परत करण्याचा हुकूम झाला. शिक्षेआधी बचाव पक्षानं व्यसनाचा मुद्दा मांडला. सरकारी वकिलांनी त्यावर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं, कारण हे हाव आणि कपट आहे, आजार नव्हे. न्यायालयाबाहेर हा वाद मला थोडा निरर्थक वाटतो. माणूस आजारीही असू शकतो आणि लबाडही. मलेरिया झालेल्यानं चोरी केली तर ताप खोटा ठरत नाही आणि चोरीही माफ होत नाही.

आजाराचंच बोलायचं तर मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात अनावर जुगाराची नोंद पहिल्यांदा झाली १९८० मध्ये. तेव्हा तो आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत, म्हणजे विनाकारण चोऱ्या करणं, आगी लावणं यांच्या शेजारी बसला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनं त्याला उचलून दारू आणि इतर अमली पदार्थांच्या प्रकरणात नेलं. शरीरात बाहेरून काहीच न घेता जडणारं व्यसन म्हणून तिथे बसलेला तो पहिलाच. लक्षणं नऊ, त्यांतली चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. याच आवृत्तीत एक गंमत झाली. आधीच्या यादीत जुगारासाठी चोरी, खोट्या सह्या, अफरातफर करणं हे एक लक्षण होतं, ते गाळण्यात आलं. निदानात त्यानं फारशी भर पडत नाही असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. ज्यांच्यात ते आढळे, त्यांच्यात इतर लक्षणं भरपूर असतच. पण दोन लक्षणं जागच्या जागी राहिली. खोटं बोलून खेळ लपवणं हे एक. दुसरं, खेळामुळे झालेल्या बिकट आर्थिक स्थितीतून सुटायला दुसऱ्यांच्या पैशांवर अवलंबून राहणं. म्हणजे चोरी यादीतून गेली आणि हातउसने राहिले. वैद्यकशास्त्राला आपल्या शब्दाचं मोल कळलं म्हणायचं.

बाकी व्यसनांपेक्षा हे अधिक लपून राहतं, याची कारणं अगदी साधी आहेत. तोंडाला वास येत नाही. पाय लडखडत नाहीत. माणूस वेळेवर कामावर जातो, मुलाचा अभ्यास घेतो, आणि त्या मधल्या वेळात संडासात फोन घेऊन बसला असताना वर्षभराची फी घालवून येतो. कुणाला काही दिसतच नाही. दिसतात ते परिणाम, आणि तेही नंतर.

मेंदूत काय चालतं याबद्दल बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं एक मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. केंब्रिजमधल्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की थोडक्यात हुकलेला डाव, म्हणजे चित्र जुळता जुळता एका घरानं सरकलं, हा मेंदूच्या लेखी निव्वळ हार नसतो. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही अशा वेळीही जागे होतात. खेळणाऱ्याला हे हुकणं आवडत नाही, पण पुन्हा खेळावंसं मात्र जास्त वाटतं. ‘थोडक्यात गेलं’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. जुगारी ते हिशेबात धरतो, आणि उसने मागायला जातो तेव्हा त्याच्या मनात हेच असतं. मी हरलोय म्हणून पैसे मागत नाही, मी जिंकण्याच्या बेतात आहे म्हणून मागतोय.

इथे डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाची आठवण काढायला हवी. विश्वासानं सोपवलेला पैसा ज्यांनी खाल्ला, अशा शंभरावर कैद्यांशी तो इलिनॉय, कॅलिफोर्निया आणि इंडियानातल्या तुरुंगांत जाऊन बोलला. १९५३ मध्ये त्याचं ‘अदर पीपल्स मनी’ हे पुस्तक आलं. त्याला कुतूहल होतं ते चोरांचं नव्हे. प्रामाणिकपणे कामाला लागून मग कधीतरी हात मारणाऱ्या माणसांचं होतं. त्याला तीन गोष्टी सापडल्या. एक, कुणालाही सांगता येणार नाही अशी पैशांची अडचण. दोन, हातातल्या विश्वासाचा वापर करून ती गुपचूप सोडवता येईल ही जाणीव. तिसरी गोष्ट शब्दांची. त्या माणसाकडे असे काही शब्द असतात, जे वापरले की आपण चोर आहोत असं स्वतःला वाटत नाही. क्रेसीला ठिकठिकाणी भेटलेला शब्द होता ‘उसने’. मी घेतले नाहीत, उसने घेतले. परत ठेवणारच होतो.

पहिली गोष्टही जुगाराला तंतोतंत बसते. आजारपणाचं कर्ज सांगता येतं, धंद्यात बसलेली खोट सांगता येते. शेतकरी कांद्याचे भाव पडले हे चारचौघांत सांगतो. जुगारात हरलो हे मात्र आईलाही सांगता येत नाही. म्हणून कारणं शोधावी लागतात. पगार अडकलाय, मित्राच्या आईचं ऑपरेशन आहे, एफडी मोडली तर व्याज बुडेल म्हणून आठ दिवसांपुरते द्या. कारण जितकं पुण्याचं, तितकी चौकशी कमी.

ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी असावी? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फासे बेहड्याच्या फळांचे. त्यातला जुगारी स्वतःची कर्मकहाणी सांगतो. बायको दुरावली, सासू तोंड पाहत नाही, घरचे म्हणतात आम्ही याला ओळखत नाही. पुढे एका ऋचेत तो कर्जात बुडालेला, घाबरलेला, पैशांच्या शोधात रात्रीच्या वेळी दुसऱ्यांच्या घरी जातो. उसने मागायला की चोरायला, हे सूक्त सांगत नाही. मला वाटतं दाराशी पोहोचेपर्यंत ते त्यालाही ठाऊक नसावं.

महाभारतातलं द्यूत सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातला हिशेबाचा भाग सहसा मागे पडतो. युधिष्ठिरानं आधी धन लावलं, मग भाऊ, मग स्वतःला, आणि सगळ्यांत शेवटी द्रौपदीला. द्रौपदीनं दुःशासनाच्या आधी आलेल्या निरोप्याला उलट प्रश्न विचारून परत पाठवलं. तो आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याची कशावर मालकी उरते? भर सभेतले धर्मज्ञ या प्रश्नाला नीट उत्तर देऊ शकले नाहीत. ‘पणाला लावणं’ हा वाक्प्रचार आपण शौर्याच्या गोष्टींत वापरतो, प्राण पणाला लावले वगैरे. मुळात पण म्हणजे जुगारात लावलेली वस्तू, आणि ती आपली आहे का, हा प्रश्न त्या घरातल्या बाईनंच पहिल्यांदा विचारला.

मुंबईत मटका आला तो कापसाच्या भावांवरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेनं मुंबईत येत, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. ओपन, क्लोज, पत्ती, जोडी हे शब्द गिरणगावात घरोघर पोहोचले. कित्येक संसार त्यानं धुळीला मिळवले, यात शंका नाही. तरीही आजच्या फोनशी तुलना केली तर मटका सुस्त प्राणी होता. निकाल दिवसातून दोनदा. मधल्या वेळात माणूस गिरणीत पाळी करून येई. चिठ्ठी घ्यायला नाक्यावर जावं लागे, म्हणजे कुणीतरी बघे, आणि ते घरी कळे. खिशात नोटा असतील तेवढंच जाई. फोननं हे सगळे खोळंबे काढून टाकले. मिझुहाराचे दिवसाला पंचवीस डाव हा मटक्याच्या काळात अशक्य आकडा होता.

रमीत कौशल्याला महत्त्व आहे, ती निव्वळ नशिबाची नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये म्हटलं होतं. ते प्रकरण एका क्लबातल्या पत्त्यांचं होतं. पन्नास वर्षांनी त्याच आधारावर फोनमधल्या रमीचे कारखाने उभे राहिले. मैदानातले देव जाहिरातींत आले, आणि शेवटी झरझर वाचून दाखवलेली धोक्याची सूचना कुणालाच ऐकू आली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. बंदीनं नवे लोक काही प्रमाणात तरी वाचतील. आधीच अडकलेला माणूस मात्र बेकायदा वाटेकडे वळू शकतो, आणि कॅलिफोर्नियात आपण पाहिलं, चोरटा बुकी उधार देतो.

आपल्या घरांत हा पैसा कुठून कुठे सरकतो, त्याला एक ठरावीक उतार असतो. आधी स्वतःची बचत आणि पगारावरची उचल. मग क्रेडिट कार्ड आणि फोनवर दहा मिनिटांत मिळणारं कर्ज. यांतली काही कर्जवाली ॲपं फोनमधली नावं-नंबर काढून घेतात आणि हप्ता चुकला की मावशीला, साहेबाला, जुन्या वर्गमित्राला फोन लावतात. मग ऑफिसातले मित्र, भिशी, पतसंस्थेत दुसऱ्याला जामीन राहायला लावणं. त्यानंतर घरातलं सोनं, आणि सोन्याची गोष्ट फार क्रूर आहे. लॉकरमधली पाटली गहाण टाकून सोनेतारण कर्ज काढलं जातं आणि बायकोला ती जागेवर नाही हे कळतं ते भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. सगळ्यांत शेवटी वडिलांचे निवृत्तीचे पैसे. त्यांचं नेटबँकिंग त्यांनीच पोराला दिलेलं असतं, ओटीपी आला की तेच हाक मारून वाचून दाखवतात.

हा उतार परक्यांकडून आपल्यांकडे जातो, हे लक्षात घ्यावं. सर्वांत जास्त प्रेम करणारा माणूस सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठ्या रकमेला लुटला जातो. यामागे दुष्टपणा असेलच असं नाही. बाहेरची पत संपत आलेली असते आणि घरातली अजून शाबूत असते, इतकंच. मराठीत पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी आणि पत म्हणजे अब्रू, दोन्हींना एकच शब्द. जुगारी माणूस पहिली मोडून खातो तेव्हा दुसरीही त्याच ताटात असते.

मग एक दिवस फुटतं. घरात रडारड होते, तो पाया पडतो, देवासमोर शपथ होते. आणि घरचे भलेपणानं ती एक चूक करतात, जी जवळजवळ प्रत्येक घर करतं. सगळं कर्ज एकदाचं फेडून टाकतात. वडील प्लॉट विकतात, भाऊ पीएफ काढतो, कशाला तर पोरगं सुटावं म्हणून. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ब्रेक्सव्हिलच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जुगाऱ्यांसाठी पहिला उपचार कक्ष उघडणारे डॉक्टर रॉबर्ट कस्टर या सुटकेच्या विरोधात होते. दारुड्याला बाटली आणून देण्यातलाच तो प्रकार, अशी त्यांची भूमिका होती. जुगाऱ्याच्या मनाला ही रक्कम मदत वाटत नाही, लागलेला मोठा डाव वाटतो. कोरी पाटी मिळाली की पत परत आली, आणि पत आली की खेळ आला.

अर्थात हे सांगणं सोपं आहे. वसुलीवाले दारात उभे असताना, बहिणीचं लग्न ठरलेलं असताना, बाप काय करणार? मी त्या बापाला दोष देणार नाही.

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीच्या बायकोनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १८६६ मध्ये ठरलेल्या मुदतीत कादंबरी द्यायची म्हणून त्यानं ॲना नावाच्या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला ‘जुगारी’ सव्वीस दिवसांत सांगून लिहवली. पुढच्या वर्षी तिच्याशी लग्न केलं आणि त्याच उन्हाळ्यात बाडेन-बाडेनमध्ये रूलेटवर तिचे दागिने घालवले. तिचे कानातले आणि ब्रोच त्यानंच लग्नात दिलेले. ते गेले, अंगठ्या गेल्या, अंगावरचे चांगले कपडे गेले. ती रोज लघुलिपीत डायरी लिहीत होती, म्हणून हे आपल्याला तारीखवार माहीत आहे. तो जिंकून आला की फुलं आणि फळं आणी, दुसऱ्या दिवशी तेच पैसे परत मागे. १८७१ च्या एप्रिलात वीसबाडेनला तो शेवटचा खेळला, हरला, परतीच्या भाड्याला बायकोनं पाठवलेले पैसेही हरला, आणि मग आयुष्यात पुन्हा खेळला नाही. का थांबला, यावर त्याचे चरित्रकार अजून भांडतात. काहींना वाटतं ॲनाच्या सोसण्यानं थांबला. या निष्कर्षाला मी फार घाबरतो. आपल्याकडे किती बायकांनी याच आशेवर मंगळसूत्र काढून दिलं असेल. पुढच्या वर्षाअखेर जर्मन सरकारनं सगळी जुगारगृहंच बंद केली, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं.

कस्टर यांच्या आधी, १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दोन जुगाऱ्यांच्या भेटीतून गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस ही संघटना सुरू झाली होती. मिझुहाराच्या डॉजर्सचं तेच शहर. त्यांची कर्जफेडीची पद्धत एखाद्या खमक्या आजीनं घालून दिल्यासारखी आहे. नव्या सभासदाला आणि त्याच्या बायकोला, किंवा तिच्या नवऱ्याला, काही जुने सभासद एका टेबलाशी बसवतात. पैशांचा कारभार जोडीदाराच्या हाती जातो, सह्यांसकट. जुगाऱ्याला रोजच्या खर्चापुरते मिळतात. कर्ज एकरकमी फेडायचं नाही. घरखर्च आधी, मग उरेल त्यातून प्रत्येक देणेकऱ्याला थोडं थोडं, वर्षानुवर्षं, स्वतः कमावून. ज्यांचे पैसे बुडवले त्यांना स्वतः जाऊन सांगायचं, की इतके आहेत आणि महिन्याला इतकेच देऊ शकतो.

या सगळ्याआधी मात्र एक यादी करायची असते. कुणाकुणाचे किती. बँका आणि ॲपं भराभर लिहून होतात, त्यांचे आकडे पाठ असतात. मग मित्र. मग जरा वेळ लागतो. समोर बसलेले जुने सभासद कधीतरी याच खुर्चीत बसलेले असतात, त्यामुळे ते घाई करत नाहीत. झाली का यादी, म्हणून विचारतात. तो हो म्हणतो. कुणीतरी चहा ओततं. थोड्या वेळानं ते पुन्हा विचारतात, आणि शेजारी बसलेली बायको पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघते.